बायकांच्या एका न सांगितलेल्या दुखण्याविषयी

चार बायका जमल्या आहेत, त्यांतली कुणी एखाद्याची नक्कल करून दाखवीत आहे आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली आहे. अशा वेळी त्यांतलीच एखादी पस्तिशी-चाळिशीची बाई हसता हसता एकाएकी थबकते, पाय जुळवून उभी राहते आणि काहीतरी निमित्त काढून आत निघून जाते. हे दृश्य आपल्या घरांतून अपरिचित नाही. त्याचा अर्थ घरातील पुरुषांना बहुधा ठाऊक नसतो. बायकांना तो ठाऊक असला तरी त्या उच्चारीत नाहीत. खोकला आला, शिंक आली, भरलेली कळशी उचलली किंवा बस गाठण्यासाठी दहा पावले धावावे लागले, की थोडी लघवी सुटते. कधी थेंबभर, कधी लुगडे भिजेल इतकी. आईने, सासूने वा मावशीने कधी विषय काढलाच तर उत्तर ठरलेले असते : ‘दोन बाळंतपणे झाली, आता एवढे चालायचेच.’

या ‘चालायचेच’पायी बाईचे आयुष्य किती आखडते, याचा हिशेब कुणी ठेवीत नाही. लांबचा प्रवास ती टाळू लागते, लग्नकार्यात पुढे बसत नाही, गडद रंगाचीच साडी नेसते. सकाळी साडेसहाला घर सोडणारी शिक्षिका दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही, कारण शाळेतील स्वच्छतागृहाची अवस्था तिला ठाऊक असते. कसाऱ्याहून वा विरारहून गाडीने येणारी कारकून बाई कचेरीत पोचल्याबरोबर आधी ‘जाऊन’ येते, गरज असो वा नसो. पाणी कमी प्याल्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला ती टोचते, आणि उठसूट जाण्याच्या सवयीने मूत्राशयाची साठवण्याची तयारीही कमी होत जाते. म्हणजे उपाय म्हणून जे केले, त्यानेच दुखणे वाढते. प्रौढपणी व्यायाम सोडण्याचे, क्वचित नोकरी सोडण्याचेही खरे कारण हेच असते. सांगितले मात्र दुसरेच जाते.

हे मौन किती खोल आहे, याचा एक दाखला महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते, आणि त्यांची तपासणी वा उपचार पूर्वी झाला होता अशा स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. त्या पाहणीतील रोग बहुतांशी वेगळे होते, जंतुसंसर्गाचे होते. परंतु कमरेखालचे दुखणे म्हणजे सोसायचे दुखणे, ही समजूत त्या आकड्यांतून जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

आता मूळ गोष्टीकडे वळू. लघवी सुटणे, अंग बाहेर येणे, शौचाचा वेग न आवरणे, किंवा उलट कुंथूनही शौचास न होणे, ही दुखणी वरवर वेगवेगळी दिसली तरी त्यांपैकी पुष्कळांचे मूळ एकाच ठिकाणी असते. माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा पोटातील सारा भार खालच्या बाजूला आला. तो पेलण्यासाठी पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तिला श्रोणितल म्हणतात. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग या झोळीतूनच बाहेर येतात. ती आवळली की हे मार्ग मिटतात व किंचित वर उचलले जातात; सैल सोडली की मोकळे होतात. हा स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखाच आपल्या इच्छेने हलणारा आहे, म्हणजेच व्यायामाने कमावता येणारा आहे. साऱ्या उपचाराचा पाया या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

बाळंतपणात या झोळीवर काय प्रसंग ओढवतो, याची कल्पना संगणकावर तयार केलेल्या प्रतिकृतींवरून आली आहे. बाळाचे डोके बाहेर येताना तिचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो. एरवी अंगातील कोणत्याही स्नायूला असा ताण सोसावा लागत नाही. घोटा मुरगळला तर आपण महिनाभर जपून पाऊल टाकतो. इथे मात्र बाळंतीण सव्वा महिन्यानंतर विहिरीवर वा नळावर जाते आणि हंडा उचलते. त्यात पुढे जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढते वजन, जड ओझी यांची भर पडते, आणि पाळी गेल्यावर आधीच दुबळी झालेली झोळी आणखी सैल होते.

व्यायामाची कल्पना नवी नव्हे. लंडनमधील मार्गारेट मॉरिस या मूळच्या नर्तकी. बाळंतिणींच्या व्यायामात हे स्नायू आवळण्या-सोडण्याचा समावेश त्यांनी १९३६ सालीच केला होता. पण कल्पना रूढ झाली ती अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांच्या नावाने. १९४८ साली त्यांनी आपला लेख प्रसिद्ध केला. आवळण्याचा दाब काट्यावर दाखवील असे एक साधे उपकरण त्यांनी तयार केले होते. बाईने स्नायू आवळला की काटा पुढे सरके, चुकीचा स्नायू आवळला तर सरकत नसे. जो अवयव दिसत नाही, ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याची हालचाल बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागली, हे त्या उपकरणाचे खरे मोल होते. पुढे मात्र जगाने केगल यांचे नाव ठेवले आणि उपकरण विसरले. ‘केगल व्यायाम करा’ एवढे सांगून, फार तर एक छापील पत्रक हातात देऊन, बाईला घरी पाठविण्याची पद्धत पडली.

हे पुरेसे नाही, हे १९९१ साली अमेरिकेतील एका छोट्या पण बोलक्या अभ्यासात दिसले. ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करावयास सांगितले आणि त्याच वेळी आतील दाब मोजला. जेमतेम निम्म्या स्त्रियांना तो नीट जमला. चौथा हिस्सा स्त्रिया तर आवळण्याऐवजी खाली जोर करीत होत्या, म्हणजे लघवी सुटण्याला मदतच करीत होत्या. ‘व्यायाम करून पाहिला, काही उपयोग झाला नाही’ असे म्हणणाऱ्या बायकांपैकी कितीजणी या चौथ्या हिश्श्यातल्या असतील?

म्हणून शिकविणारी व्यक्ती हवी. श्रोणितलाचे शिक्षण घेतलेली भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम काय करते, तर ऐकते. कधी सुटते, किती सुटते, पाणी किती पिता, दिवसातून-रात्रीतून किती वेळा उठता. दोन-तीन दिवस याची वहीत नोंद ठेवावयास सांगते. आपल्या मूत्राशयाचा असा जमाखर्च मांडल्यावर अनेकींना प्रथमच कळते की चहाच्या चौथ्या कपाचा आणि संध्याकाळच्या घाईचा काही संबंध आहे. नंतर, संमती घेऊन, हातमोजा घातलेल्या बोटाने ती स्नायूची तपासणी करते : आवळला जातो का, किती जोराने, किती वेळ टिकतो, आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुरता सैल होतो का. ‘चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळतो ना, तसे आवळा काकू, श्वास रोखू नका, मांड्या नि ढुंगण ढिले ठेवा,’ अशा घरगुती भाषेत ती शिकविते. लघवी चालू असताना मध्येच धार थांबविण्याचा सराव पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. तो रोजचा व्यायाम म्हणून करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होण्याची सवय बिघडू शकते.

स्नायू कमावण्याला वेळ लागतो. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार लघवी सुटण्याच्या या प्रकारात पहिला उपचार म्हणून किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम द्यावा, आणि त्यात दिवसातून तीन वेळा किमान आठ-आठ आकुंचने असावीत. परंतु सगळा लाभ ताकदीचाच असतो असेही नाही. १९९८ साली मिशिगनमधील संशोधकांनी वृद्ध स्त्रियांना एकच युक्ती शिकविली : खोकण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळून धरायचा. आठवड्याभरातच, मध्यम जोराच्या खोकल्यात सुटणारी लघवी जवळजवळ थांबली आणि जोराच्या खोकल्यात ती पाऊणपट कमी झाली. आठवड्याभरात कोणताही स्नायू बळकट होत नाही. त्या स्त्रियांनी कमावली ती वेळ साधण्याची हातोटी. उडी मारण्याआधी गुडघे आपोआप वाकतात, तसे शिंकेआधी हा स्नायू आपोआप आवळला जाईपर्यंत सराव करायचा असतो. औषधाची गोळी हे शिकवू शकत नाही.

याचे फळ किती? निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१८ सालचा आढावा सांगतो की खोकता-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. ज्यांना काही उपचार दिला नाही त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. कोणत्याही औषधाला हेवा वाटावा असा हा फरक आहे. त्यात कापाकापी नाही आणि दुष्परिणाम नगण्य आहेत. शस्त्रक्रियेबाबत इतके निःशंक बोलता येत नाही. योनिमार्गातून बसविण्याच्या कृत्रिम जाळीने अनेक स्त्रियांना कायमच्या वेदना दिल्या. इंग्लंडमध्ये २०१८ साली तिचा वापर थांबविण्यात आला, आणि अंग बाहेर येण्यावरच्या अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली बंद करावयास लावली.

अंग बाहेर येण्याच्या दुखण्यातही या उपचाराला जागा आहे. ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील ४४७ स्त्रियांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रत्येकीला स्वतंत्रपणे शिकविलेल्या व्यायामाने वर्षअखेर जडपणा व ‘काहीतरी खाली उतरल्याची’ भावना कमी झाल्याचे आढळले. पुरते बाहेर आलेले अंग व्यायामाने परत जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिथे आधाराची कडी बसवावी लागते किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. पण मधल्या पायऱ्यांवर असलेल्या स्त्रीला ‘पिशवी काढून टाका’ याखेरीज दुसरे काही सांगितले जाते का?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या संदर्भात हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, आणि त्यांतील पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. त्या साऱ्यांची दुखणी व्यायामाने बरी झाली असती असे म्हणणे हास्यास्पद होईल. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, बुडालेल्या दिवसाचा दंड, डोक्यावरची मोळी, अशी किती तरी कारणे तिथे एकमेकांत गुंतलेली आहेत. पण गर्भाशय काढल्याने झोळी बळकट होत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या पाहणीत, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे लघवी सुटण्यावरची शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव इतरांच्या दुपटीहून अधिक दिसला. एका दुखण्यावरचा झटपट इलाज दुसऱ्याचे बी पेरू शकतो, एवढे तरी त्या स्त्रियांना कुणी सांगितले होते काय?

इथे एका गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. श्रोणितलाचा उपचार म्हणजे केवळ आवळणे, असे मानण्याकडे कल आहे. काहींचा स्नायू सैल नसून सतत ताठलेला असतो. त्यांना संबंधाच्या वेळी असह्य वेदना होतात, लघवी अडखळत होते, ओटीपोटात ठसठस राहते. कित्येक विवाहित तरुणी हे दुःख वर्षानुवर्षे गिळतात आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून त्यांची बोळवण होते. अशा स्त्रीने आवळण्याचे व्यायाम केले तर त्रास वाढण्याचीच शक्यता असते. तिला श्वासाच्या साहाय्याने स्नायू सैल सोडणे शिकावे लागते. जुनाट बद्धकोष्ठाच्या काही रुग्णांतही असाच घोटाळा असतो : शौचाच्या वेळी जो स्नायू मोकळा व्हायचा तोच ते नकळत आवळतात, आणि मग रेचके घेऊन थकतात. हालचाल पडद्यावर दाखवून ती सुधारण्याचे शिक्षण त्यांना रेचकांहून अधिक उपयोगी पडते. आपल्याकडील योगवर्गांतून मूलबंध आणि अश्विनी मुद्रा शिकविल्या जातात. या हालचाली त्याच स्नायूच्या असल्या तरी कोणाला आवळायचे नि कोणाला सोडायचे हे तपासल्याशिवाय कळत नाही. सरसकट पन्नास जणांच्या वर्गात तर नाहीच.

पुरुषांनाही हे स्नायू असतात, आणि प्रोस्टेट ग्रंथी काढल्यानंतर लघवी सुटण्याचा त्रास त्यांना होतो. तिथे व्यायाम सांगितला जातो. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र शिकवणी दिल्याने नेहमीच्या उपचाराहून विशेष फरक पडला नाही. उपचाराचे गुण गाताना हेही नोंदविणे आवश्यक आहे, नाहीतर उद्या कुणी त्याला सर्वरोगहर ठरवून बाजार मांडील. समाजमाध्यमांतून तो मांडला गेलाच आहे.

आपल्या परंपरेत बाळंतिणीची उपेक्षा होती असे म्हणता येत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, तेलाचे मालीश, पोटपट्टा : घराघरांतून तिचे कोडकौतुक होते. पण ही सारी व्यवस्था दूध भरपूर यावे आणि कंबर बसावी यासाठी होती. ताणलेल्या झोळीचा विचार तीत नव्हता. आधुनिक व्यवस्थेने तो केला असेही नाही. आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचे वजन करते, ताप पाहते, आईची विचारपूस करते. त्यातल्या शेवटच्या भेटीत ‘खोकताना लघवी सुटते का, खाली काही उतरल्यासारखे वाटते का’ हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. फ्रान्समध्ये बाळंतिणीला अशा शिकवणीच्या सुमारे दहा बैठका सार्वजनिक विम्यातून मिळतात. तिथल्याच प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१५ साली सांगितले की ज्यांना काही त्रास नाही त्यांना प्रतिबंध म्हणून त्या द्याव्यात असे नाही. म्हणजे आपल्यासारख्या तुटपुंज्या साधनांच्या देशाने दहा बैठकांची स्वप्ने पाहण्याचे कारण नाही. विचारायचे सर्वांना, आणि पाठवायचे त्रास असणारीला.

पाठवायचे कुठे, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तोच अवघड आहे. भौतिकोपचार महाराष्ट्रात नवा नाही. शहरांतील मोठ्या रुग्णालयांत तो विभाग असतो आणि त्याची महाविद्यालयेही आहेत. २०२१ साली संसदेने केलेल्या कायद्याने या व्यवसायाला नियमनाची चौकटही दिली. परंतु त्या विभागांतले काम मुख्यतः गुडघे, पाठ, मान आणि अर्धांगवायू यांचे. स्त्रियांच्या श्रोणितलाचे काम करणाऱ्या तज्ज्ञ थोड्या आहेत, आणि त्या मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटल्या आहेत. तालुक्याच्या गावी निदान एका परिचारिकेला प्राथमिक तपासणी आणि शिकवणी यांचे प्रशिक्षण देणे, हे यंत्रे खरेदी करण्यापेक्षा स्वस्त आहे. त्यात कुणाला कंत्राट मिळत नाही, हीच कदाचित त्याची अडचण असेल.

तोवर जिला त्रास आहे तिने काय करावे? प्रथम डॉक्टरला स्पष्ट शब्दांत सांगावे. लघवीत रक्त वा जळजळ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, किंवा मांड्यांच्या मधली संवेदना एकाएकी जाणे, ही लक्षणे व्यायामाची नव्हेत. त्यांसाठी ताबडतोब तपासणी हवी. तसे काही नसेल तर भौतिकोपचार विभागात जाऊन ‘इथे श्रोणितलाचे उपचार करणारे कुणी आहे का’ असे विचारावे. पहिल्या भेटीला बरोबर बहीण वा मैत्रीण नेता येते. आतून तपासणी नको वाटली तर तसे म्हणता येते; बाहेरून पाहून किंवा सोनोग्राफीने पडद्यावर दाखवूनही शिकविता येते, आणि तपासणी सुरू झाल्यावरही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार बाईकडेच असतो.